शुश्रूषा आणि श्रद्धा : ग्रामीण विदर्भ

'शुश्रूषा' हा शब्द 'श्रु' म्हणजे ऐकणे या धातूपासून झाला. ऐकण्याची इच्छा हा त्याचा मूळ अर्थ. त्यावरून सेवा आणि पुढे आजाऱ्याची सेवा. विदर्भातील खेड्यांत हे काम पिढ्यान्‌पिढ्या दाई आणि घरातल्या लेकी-सुना करत आल्या. आज त्यात सरकारी आरोग्य उपकेंद्राची एएनएम, जिला गाव 'सिस्टर' किंवा 'नर्सबाई' म्हणते, आणि आशाताई यांची भर पडली आहे. सपाटीवर सुमारे ५,००० आणि आदिवासी भागात ३,००० लोकसंख्येमागे एक उपकेंद्र असा निकष आहे. म्हणजे हजारो माणसांच्या श्रद्धा-समजुतींशी पहिली गाठ पडते ती या बाईची, डॉक्टरची त्यानंतर.

परिचारक कसा असावा, याचा विचार भारतात फार जुना आहे. चरकसंहितेत चिकित्सेचे चार पाय सांगितले आहेत : वैद्य, औषध, परिचारक आणि रोगी. परिचारकाचे गुणही चारच : उपचारांचे ज्ञान, दक्षता, रुग्णाविषयी जिव्हाळा आणि शुचिता. बौद्ध भिक्षूंच्या नियमांचा ग्रंथ असलेल्या विनयपिटकातील महावग्गाचा प्रसंग याहून थेट आहे. अतिसाराने स्वतःच्याच मळात पडलेल्या एका भिक्षूला बुद्धाने पाणी घालून शिष्य आनंदाच्या मदतीने स्वच्छ केले, दोघांनी उचलून मंचकावर ठेवले आणि बुद्धाने संघाला सांगितले, की ज्याला माझी सेवा करायची असेल त्याने आजाऱ्याची करावी. शुश्रूषा करणाऱ्याच्या अंगी कोणते पाच गुण हवेत, हेही तिथे आहे. त्यांतला एक असा, की मलमूत्र, थुंकी, वांती उचलताना त्याला किळस वाटू नये.

हा गुण मुद्दाम सांगावा लागला, यात आपल्या समाजाची मोठी गोष्ट दडली आहे. रक्त, बाळंतपणातली वार, मळ यांना हात लावणे म्हणजे विटाळ, ही धर्माच्या नावाने चाललेली समजूत शुश्रूषेच्या सर्वांत आड आली. बाळंतपण होई ते अनेक गावांत दलित समाजातील दाईच्या हातून. नाळ ती कापे आणि पुढे तिलाच उंबऱ्याबाहेर ठेवले जाई. नर्सिंगचा पेशाही म्हणूनच बराच काळ सवर्ण घरांनी हलका मानला, आणि मिशनच्या दवाखान्यांत शिकलेल्या ख्रिस्ती मुली त्यात आधी आल्या. 'सिस्टर' हे संबोधनही ख्रिस्ती धर्मभगिनींकडून आले. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी धम्मदीक्षा दिली. त्या वाटेने गेलेल्या घरांतल्या मुलीही या पेशात दिसतात. त्यांच्यासाठी महावग्गातला तो आजारी भिक्षू परका नाही.

विटाळाच्या कल्पनेला सर्वांत मोठे आव्हान कुष्ठसेवेने दिले आणि त्याची भूमी प्रामुख्याने वर्धा-चांदा (आजचे चंद्रपूर) हीच. रोग म्हणजे पूर्वजन्मीच्या पापाचे फळ, हे कुष्ठरोग्याइतके निष्ठुरपणे कुणालाच ऐकवले गेले नसेल. सेवाग्राम आश्रमात संस्कृत पंडित परचुरेशास्त्री यांना कुष्ठ झालेले असताना गांधीजी स्वतः त्यांचे अंग चोळत. परचुरेशास्त्रींची कुटी आजही तिथे आहे. वर्ध्याजवळ दत्तपूरला मनोहर दिवाण यांनी १९३६ साली कुष्ठसेवेचे काम सुरू केले, वरोऱ्याजवळ बाबा आमटे आणि साधनाताईंनी आनंदवन उभे केले. दिवाण हे विनोबांचे सहकारी. गीतेतल्या 'विकर्म' या शब्दाचा विनोबांनी लावलेला अर्थ इथे ध्यानात घ्यावा : बाहेरच्या कर्माला आतल्या मनाची जोड मिळाली की ते विकर्म, आणि मग त्या कर्माचे ओझे उरत नाही. रात्रपाळीला जखम धुणाऱ्या बाईला हे पटकन कळते. नुसत्या हाताने धुतलेली जखम आणि मन लावून धुतलेली जखम यांतला फरक रोग्यालाही कळतो.

गावात मात्र प्रश्न रोजचे असतात. कांजिण्या आल्या की 'माता निघाली' म्हणतात. निंबाचा पाला अंथरतात, औषध देत नाहीत. जाणती सिस्टर पाला काढायला लावत नाही. ती ताप मोजते, गोळी देते, पाणी भरपूर पाजायला सांगते. पाल्याने कुणाचे बिघडत नाही. चिकाचे दूध पिळून टाकणे किंवा नाळेला राख लावणे मात्र ती चालू देत नाही, कारण तिथे बाळाचा जीव असतो. मेळघाटात कोरकू लोक आधी भुमकाकडे, म्हणजे गावच्या मांत्रिक-वैदूकडे, जातात. त्याच्या मंत्राला तिचा विरोध नसतो. पोट फुगलेल्या तान्ह्याला तापल्या सळईचा 'डंबा', म्हणजे चटका, देण्याला असतो. गडचिरोलीतील माडिया-गोंड गावांत पाळीच्या दिवसांत बायका कुर्माघरात, म्हणजे वेगळ्या झोपडीत, राहतात. तिथे रक्तक्षय झालेली मुलगी असली, तर नर्सने कुर्माघराच्या दारापर्यंत जायलाच हवे. साप, विंचू वा कुत्रा चावल्यावर माणसाला उपचारापासून रोखून मंत्रतंत्र करणे हा २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. पण मध्यरात्री सर्पदंशाचा रोगी देवळातून दवाखान्यात आणण्याचे काम समजुतीच्या दोन शब्दांनीच होते. हे ऐकण्याचे शास्त्र गडचिरोलीतील डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या शोधग्रामने मोठ्या प्रमाणावर वापरले : आदिवासींच्या इच्छेनुसार तिथल्या दवाखान्याला माँ दंतेश्वरीचे नाव दिले गेले, आणि गावातल्याच बायका आरोग्यदूत होऊन घरोघरी नवजात बाळांची काळजी घेऊ लागल्या.

'सेवा' या शब्दाची दुसरी बाजूही नोंदवली पाहिजे. पुण्याचे काम म्हटले की पगाराचे विचारायचे नाही, असे गृहीत धरले जाते. आशाताई कागदोपत्री आजही 'स्वयंसेविका' आहे. तिला मिळतो तो मोबदला. चरकाने ज्ञान आणि दक्षता जिव्हाळ्याच्या आधी सांगितली. ज्ञानाला शिक्षण लागते, दक्षतेला पुरेशी झोप, आणि ही दोन्ही पुण्यावर भागत नाहीत.

मरणाच्या वेळी हे सगळे एकाच खाटेभोवती गोळा होते. लेक गंगाजळाची बाटली काढते, तुळशीचे पान तोंडात घालू पाहते. रोगी बेशुद्ध असला, तर पाणी श्वासनलिकेत जाऊन तो गुदमरू शकतो. अनुभवी सिस्टर बाटली हिसकावत नाही. मान जरा कुशीवर वळवते, गंगाजळात कापूस भिजवून लेकीच्या हाती देते आणि म्हणते, "ओठांना लाव, माय. पोचते."