सीटीचं कॉन्ट्रास्ट वेगळं, एमआरआयचं वेगळं

"मला कॉन्ट्रास्टची ॲलर्जी आहे" असं पेशंट सांगतो. कॉन्ट्रास्ट म्हणजे चित्रात भाग उठून दिसावेत म्हणून देतात ते औषध. कुठल्या कॉन्ट्रास्टची, हे विचारलं की बहुतेकजण गोंधळतात. त्यात त्यांचा दोष नाही. दोन्हीकडे शिरेत सुई, पाण्यासारखं दिसणारं औषध आणि पुन्हा मशीन. औषधं मात्र अगदी वेगळी आहेत.

सीटीच्या औषधात आयोडीन असतं. ते क्ष-किरण अडवतं, म्हणून रक्तवाहिन्या पांढऱ्या उठून दिसतात. एमआरआयमध्ये क्ष-किरणच नसतात. तिथे गॅडोलिनियम हा धातू वापरतात. त्याच्या आयनात जोडी न जमलेले 7 इलेक्ट्रॉन असतात. त्यांच्या चुंबकीय प्रभावामुळे आसपासच्या पाण्याकडून येणारा सिग्नल वाढतो. थोडक्यात, फिल्मवर उजळ दिसतं ते शेजारचं पाणी, गॅडोलिनियम नव्हे. म्हणून ते थोडंसंच पुरतं: 60 किलोच्या माणसाला, नेहमीच्या ताकदीचं असेल तर, 12 मिली. सीटीला बऱ्याचदा 50 ते 100 मिली लागतं, आणि अंगभर गरम लाट येते तीही त्याचीच. किरणोत्सर्गी मात्र दोन्हीपैकी एकही नाही.

ॲलर्जीची रिॲक्शन दोन्हींची येऊ शकते, पण गॅडोलिनियमची बरीच कमी. आयोडीनची आली होती म्हणून गॅडोलिनियम बंद, असं नसतं. तरी आधीची रिॲक्शन सांगायची, औषधाच्या नावासकट. कोळंबीची ॲलर्जी असेल तर आयोडीन चालत नाही, ही समजूत काही केल्या जात नाही; ती ॲलर्जी कोळंबीतल्या प्रथिनाची असते.

खरी गफलत होते किडनीच्या बाबतीत. आयोडीन देताना भीती असते ती औषधामुळे किडनीला इजा होण्याची. गॅडोलिनियमचं उलट आहे: नेहमीच्या डोसला किडनी सहसा बिघडत नाही, पण आधीच थकलेली किडनी ते वेळेत बाहेर टाकू शकत नाही. सुटं गॅडोलिनियम विषारी असतं, म्हणून ते एका रेणूत जखडून देतात. किडनी ठीक असेल तर बहुतेक सगळं 24 तासांत लघवीतून जातं. नसेल तर ते रेंगाळतं आणि काही औषधांत पकड सुटू लागते.

एके काळी किडनीच्या पेशंटला आयोडीन नको म्हणून मुद्दाम गॅडोलिनियम देत असत. 2006 मध्ये त्याचा संबंध एनएसएफ या आजाराशी जोडला गेला: त्वचा दगडासारखी घट्ट होते, सांधे आखडतात. धोका प्रामुख्याने ईजीएफआर (किडनी रक्त किती गाळते ते सांगणारा आकडा) 30 च्या खाली असलेल्यांना आणि डायलिसिसवरच्यांना होता. यातले बहुतेक रुग्ण जुन्या, लिनियर (धातूभोवती उघड्या साखळीसारख्या) रचनेच्या औषधांचे. मॅक्रोसायक्लिक औषधांत धातू पिंजऱ्यात कोंडल्यासारखा असतो आणि त्यांचा धोका अत्यंत कमी आहे. त्यामुळे "गॅडोलिनियम दिलं" एवढं कळून भागत नाही, कुठलं दिलं ते कळायला हवं. डायलिसिस चालू असेल तर एमआरआयची वेळ पुढच्या डायलिसिसच्या आधी जवळच घेतात.

2014 मध्ये जपानी संशोधकांनी दाखवलं की अनेकदा डोस घेतलेल्यांच्या मेंदूत काही ठिकाणी खुणा उरतात. त्यामुळे मेंदूला अपाय होतो असं सिद्ध झालेलं नाही. तरी युरोपने 2017 मध्ये शिरेतून द्यायची बहुतेक लिनियर औषधं थांबवली. यकृताच्या तपासणीसाठीची दोन ठेवली.

दर एमआरआयला इंजेक्शन लागतंच असंही नाही. गुडघ्याचं लिगामेंट किंवा मणक्यांमधली साधी सरकलेली चकती त्याशिवाय दिसते. पाठीच्या ऑपरेशननंतर दुखणं परत आलं की मात्र त्याचा उपयोग कळतो: इंजेक्शननंतर लगेच काढलेल्या चित्रात जखमेचा व्रण उजळतो, पुन्हा सरकलेली चकती काळीच राहते, आणि पुन्हा ऑपरेशन करायचं की नाही हे बऱ्याचदा त्यावर ठरतं. गरोदरपणात गॅडोलिनियम अगदी अडल्याशिवाय देत नाहीत. अंगावर पाजणाऱ्या आईला सहसा दूध बंद करावं लागत नाही, कारण दुधात उतरणारा अंश नगण्य असतो, आयोडीनचंही तसंच.