हत्तीच्या तळपायाला भिंग

मामांनी म्हैसूरहून आणलेला शिसवी हत्ती आमच्या बैठकीच्या खोलीत वीस वर्षं उभा होता. यंदा दिवाळीच्या साफसफाईत तो पडला, सोंड मोडली, आणि मोडलेल्या जागी आतून पिवळट लाकूड दिसलं. वरचा काळसर तांबूस रंग पॉलिशचा होता.

पण एवढ्यावरून 'शिसव नाही' म्हणता येत नाही. शिसवाचा गाभा जांभळट तपकिरी असला, तरी सालीलगतचं लाकूड फिकटच असतं. रंग फसवतो, म्हणून झाडाची आतली बांधणी पाहावी लागते. ती दिसते आडव्या छेदावर, म्हणजे ओंडका कापल्यावर जी गोल चकती दिसते तिच्यावर. जनावराच्या मूर्तीत हा छेद बहुतेक वेळा पायांच्या तळव्यांना मिळतो. पाय बारीक असतात, म्हणून कारागीर लाकडाची रेषा, म्हणजे तंतूंची दिशा, पायांच्या लांबीला धरतो. आडवी धरली तर पाय काडीसारखे तुटतील. सोंडेच्या बाकाला मात्र ही रेषा आडवी जाते. सोंड का मोडली, तेही त्यातच आलं.

कोल्हापूरच्या सराफबाजारातून, गुजरीतून, सराफी भिंग आणलं, दहापट मोठं दाखवणारं. एका तळव्यावर पाण्याचं बोट फिरवलं आणि नव्या ब्लेडने कागदाएवढा पातळ काप काढला. ब्लेड बोथट असेल तर छिद्रं चेंगरतात आणि काहीच कळत नाही. ही छिद्रं म्हणजे झाडात पाणी वर नेणाऱ्या नळ्यांची तोंडं. सागात मोसमाच्या सुरुवातीला तयार होणारी छिद्रं मोठी असतात आणि वर्षाच्या कड्यात ओळीने बसतात. शिसवाची छिद्रं साध्या डोळ्यांनाही टिपता येतात, भोवती फिकट बारीक रेघा दिसतात. आमच्या हत्तीत यातलं काही नव्हतं. छिद्रं इतकी बारीक आणि एकसारखी पसरलेली, की भिंगाशिवाय दिसलीच नसती.

मग वजन. हत्ती 340 ग्रॅम भरला. स्वयंपाकघरातल्या काट्यावर पाण्याचं पातेलं ठेवून काटा शून्यावर आणला आणि दोन सुयांनी हत्ती तळाला न टेकवता पूर्ण बुडवून धरला. काटा 500 ग्रॅम दाखवू लागला. हे हत्तीने बाजूला सारलेल्या पाण्याचं वजन, आणि एक ग्रॅम पाणी एक घनसेंटिमीटर जागा घेतं, म्हणजे हत्तीचं आकारमान 500 घनसेंटिमीटर. 340 भागिले 500, घनता 0.68. शिसवाची 0.85 च्या आसपास असते. (हे झटपट करायचं आणि लगेच पुसायचं, नाहीतर लाकूड पाणी पितं.) पिवळा रंग, बारीक छिद्रं आणि ही घनता एकत्र धरली तर लाकूड हेदूचं असावं. कळंब हे हेदूचं जवळचं भावंड आहे आणि या दोघांना नुसत्या भिंगाने वेगळं करणं अवघड. तिथे सूक्ष्मदर्शक लागतो.

लाकूड कळलं म्हणजे गाव कळलं, असं मात्र होत नाही. माझ्या मते नवशिक्याची सगळ्यात मोठी चूक इथेच होते. केनियातले कांबा जमातीचे कारागीर पर्यटकांसाठी जिराफ, गेंडे कोरतात. त्यातले बरेच नीलमोहराच्या फिकट लाकडाचे असतात आणि बुटाच्या पॉलिशने काळे करून आबनूस म्हणून विकले जातात. नीलमोहर मूळचा दक्षिण अमेरिकेतला, आणि कोल्हापुरातही तो फुलतोच. आफ्रिकेतलं खरं काळं लाकूड म्हणजे म्पिंगो. ते पाण्यात बुडतं, घनता 1.2 च्या आसपास. वंशाने ते आपल्या शिसवाचं सख्खं नातलग. या संपूर्ण वंशाचा आंतरराष्ट्रीय व्यापार 2017 पासून साइट्स या वन्य प्राणी-वनस्पतींबद्दलच्या कराराच्या नियंत्रणाखाली आला. उलट सावंतवाडीच्या चितारींची खेळणी पारंपरिकपणे पांगाऱ्याची, इतकी हलकी की पाण्यावर तरंगत राहतात.

झाड कुठल्या मातीत वाढलं, हे प्रयोगशाळा सांगू शकते, आणि मला या विषयातला हाच भाग सगळ्यात विलक्षण वाटतो. मुळं मातीतून कॅल्शियम घेतात तेव्हा त्याच्यासारखंच वागणारं स्ट्रॉन्शियमही आत येतं. जुन्या खडकांत रुबिडियम या मूलद्रव्याचा किरणोत्सारी ऱ्हास होत होत स्ट्रॉन्शियमचा एक प्रकार, स्ट्रॉन्शियम-87, साठत जातो. कोल्हापूरच्या पायाखालचा काळा पाषाण सुमारे 6.6 कोटी वर्षांचा, त्यात रुबिडियमही कमी, म्हणून हे प्रमाण कमी राहतं. बेळगावच्या पुढे धारवाडकडचे खडक अडीचशे कोटी वर्षांहूनही जुने, तिथे ते बरंच वाढतं. दोन्हीकडे वाढलेल्या हेदूला ब्लेड आणि भिंग सारखंच दाखवतील, पण लाकडात मुरलेलं स्ट्रॉन्शियम वेगळं निघेल. अर्थात, म्हैसूरच्या कारागिराने आपल्या घाटातला ओंडका नेला असेल, तर हे मोजमापही घाटाचंच नाव सांगेल. कोरणारा हात ओळखायचा तर पटाशीच्या खुणा, कानांची घडण, झुलीची नक्षी पाहावी लागते.

मामांना सगळं सांगितलं. थोडा वेळ ते गप्प बसले, मग म्हणाले, "हेदू तर राधानगरीच्या रानातसुद्धा आहे की रे. जोडायला तेच मिळेल का बघ." वखारीत एक तुकडा मिळाला. सुतारांनी मोडका भाग काढून नवा कोरून बसवला, आणि बसवताना लाकडाची रेषा सोंडेच्या लांबीला धरली. मूळ कारागिराला ती सोय नव्हती. अख्खा हत्ती त्याला एकाच ठोकळ्यातून काढायचा होता.