भारताची पहिली मिस वर्ल्ड ऐश्वर्या नव्हे!

‘ऐश्वर्या राय ही मिस वर्ल्ड झालेली पहिली भारतीय’ हे वाक्य वर्षानुवर्षं फिरतंय, अगदी स्पर्धा परीक्षांच्या तयारीतही कानावर पडतं. ते चूक आहे. ऐश्वर्या जिंकली 1994 मध्ये. त्याच्या तब्बल 28 वर्षं आधी, नोव्हेंबर 1966 मध्ये, लंडनला हा मुकुट रीटा फारियाच्या डोक्यावर चढला होता.

रीटा मूळची गोव्याच्या कुटुंबातली, पण जन्म मुंबईचा. तेव्हा ती ग्रँट मेडिकल कॉलेजात डॉक्टरकी शिकत होती. लंडनला जाताना अंगावर मिरवायची साडी मैत्रिणीकडून उसनी घेतलेली, पोहण्याचा पोशाख मॉडेल पर्सिस खंबाटाचा! ना प्रशिक्षक, ना डिझायनर. सगळी तयारी अशी घरगुती, आणि समोर जगभरातल्या 50 जणी. मला तर हे चित्र मुकुटापेक्षाही मोलाचं वाटतं.

मग ती विस्मरणात का गेली? विजेतेपदाचं वर्ष सरल्यावर तिने ना सिनेमा धरला, ना मॉडेलिंग. लंडनला वैद्यकीय शिक्षण पूर्ण केलं, लग्नानंतर डब्लिनला स्थायिक झाली, डॉक्टर म्हणून काम केलं. 1994 ला मात्र घरोघरी केबल टीव्ही आला होता. सुष्मिता सेनची मिस युनिव्हर्स आणि ऐश्वर्याची मिस वर्ल्ड एकाच वर्षात आली, आणि लोकांच्या लेखी इतिहास तिथूनच सुरू झाला.

ऐश्वर्या दुसरी. पहिली डॉ. रीटा फारिया.