बंदरावरची चौकशी डॉक्टरांच्या टेबलावर कशी आली

प्लेगच्या मुलखातून येणाऱ्यांना 30 दिवस बाहेर थांबवण्याचा नियम रागुसा, म्हणजे आजच्या दुब्रोव्निक शहराने 1377 मध्ये केला. पुढे मुदत 40 दिवसांची झाली. इटालियन भाषेतल्या ‘चाळीस’वरूनच ‘क्वारंटाइन’ हा शब्द आला. शिडाच्या जहाजांना हे पुरत असे, कारण लांबच्या प्रवासात आजार बहुधा वाटेतच उघड होई.

1851 मध्ये पॅरिसला 12 देश कॉलऱ्यावर चर्चेला बसले, पण तो पसरतो कसा यावरच त्यांचं जमेना. 1899 पासून लंडन आणि लिव्हरपूलमध्ये उष्ण कटिबंधातल्या आजारांचं वेगळं शिक्षण मिळू लागलं. उपयोग मोठा झाला, पण ‘हे आपल्याकडचं नाही’ अशी सवयही इतर डॉक्टरांना तिथूनच लागली असावी.

विमानाने गणित मोडलं. फाल्सिपेरम या प्रकारच्या मलेरियाचा ताप डास चावल्यावर साधारण 7 ते 30 दिवसांनी येतो, प्रवास मात्र एका दिवसात संपतो. व्हायवॅक्स हा दुसरा प्रकार तर यकृतात महिनोन्महिने दडून बसतो. विमानतळावर ताप मोजून हे सापडणार कसं? 2003 मध्ये हाँगकाँगच्या एका हॉटेलातून सार्स हा श्वसनाचा आजार टोरांटो, सिंगापूर आणि हनोईला पोहोचला. त्यानंतर सुधारलेले आंतरराष्ट्रीय आरोग्य नियम (2005) ठरावीक आजारांच्या यादीपुरते उरले नाहीत. पण ‘नेहमीपेक्षा वेगळं काही’ आधी दिसतं ते ओपीडीतच.

सप्टेंबर 2014 मध्ये डॅलसला लायबेरियाहून आलेल्या रुग्णाच्या प्रवासाची नोंद झाली होती, तरी निदानात ती धरली गेली नाही. अँटिबायोटिक देऊन त्याला घरी पाठवलं. दोन दिवसांनी तो परतला तो इबोला घेऊन, आणि दोन परिचारिकांना लागण झाली.

म्हणून ‘परदेशी गेला होतात का?’ एवढं पुरत नाही. कुठे, कधी परतलात, कोणता प्राणी चावला, तिथे इस्पितळात दाखल होता का (औषधांना न जुमानणारे जिवाणू तिथूनही येतात), हेही विचारावं लागतं. एक स्मिअर (काचेवर पसरून तपासलेला रक्ताचा थेंब) निगेटिव्ह आला तरी मलेरिया बाद होत नाही. 12 ते 24 तासांच्या अंतराने तीन पाहावेत.

बऱ्याचदा सुटतो तो स्ट्राँगिलॉइडिस जंत. मातीतून त्वचेवाटे शिरून तो दशकानुदशकं राहतो, म्हणून बालपण कुठे गेलं हेही विचारायचं. दम्यासाठी दिलेल्या स्टेरॉइडनेही तो शरीरभर पसरू शकतो, आणि तेव्हा इओसिनोफिल (जंत असताना बहुधा वाढणाऱ्या पांढऱ्या पेशी) वाढलेले दिसतीलच असं नाही. अँटिबॉडी तपासणी आणि गरज पडल्यास आयव्हरमेक्टिन हे जंतांवरचं औषध, दोन्ही शक्यतो स्टेरॉइडच्या आधी.