बोको हराम आणि इस्वाप: बातमीत एक, मैदानात दोन

नायजेरियाच्या बोर्नो राज्यात हल्ला झाला की आपल्याकडे सरसकट ‘बोको हराम’ छापून येतं. पुष्कळदा तो हल्ला बोको हरामच्या हाडवैऱ्याचा असतो: ‘इस्लामिक स्टेट पश्चिम आफ्रिका प्रांत’, थोडक्यात इस्वाप.

मूळ एकच. बोको हरामचा संस्थापक, बोर्नोची राजधानी मैदुगुरीतला धर्मोपदेशक मोहम्मद युसूफ जुलै २००९मध्ये पोलिसांच्या ताब्यात असताना मारला गेला आणि सूत्रं अबूबकर शेकाऊकडे गेली. मार्च २०१५मध्ये शेकाऊने इस्लामिक स्टेटशी निष्ठा जाहीर केली. पण ऑगस्ट २०१६मध्ये त्याच इस्लामिक स्टेटने त्याला बाजूला सारून युसूफचा मुलगा अबू मुसाब अल-बर्नावी याला प्रमुख नेमलं. शेकाऊने ऐकलं नाही, आणि फूट पडली: बर्नावीकडे इस्वाप, शेकाऊकडे बोको हराम.

वाद होता तो मारायचं कोणाला यावर. शेकाऊच्या लेखी सरकारी हद्दीत राहणारा मुसलमानही धर्मद्रोही. त्याला लुटणं, मारणं रास्त. म्हणून बाजारांत आणि मशिदींत स्फोट, लहान मुलींच्या अंगाला बांधलेले बॉम्ब. इस्वापला हे नको होतं. दया म्हणून नव्हे, त्यांना राज्य करायचं होतं आणि राज्य करायला रयत लागते.

दोन अपहरणं शेजारी ठेवून पाहा. एप्रिल २०१४मध्ये शेकाऊच्या माणसांनी चिबोकच्या शाळेतून २७६ मुली नेल्या. कित्येक जणी अजून परतलेल्या नाहीत. फेब्रुवारी २०१८मध्ये इस्वापने डापचीतून ११० मुली पळवल्या आणि महिन्याभरात बहुतेकींना स्वतः गाड्यांतून गावात आणून सोडलं. पाच मुली दगावल्या होत्या. धर्म सोडायला नकार देणारी एक ख्रिस्ती मुलगी त्यांनी ठेवून घेतली. तरीही बंदूकधाऱ्यांच्या गाड्या गावातून बिनधास्त फिरल्या. मला यातली दुसरी घटना जास्त घाबरवते.

कारण इस्वापची खरी ताकद चाड सरोवराच्या काठाबेटांवरच्या वसुलीत आहे. कोळी, गुराखी, शेतकरी यांच्याकडून ते कर घेतात, बदल्यात धंदा करू देतात, तंटे सोडवतात. सरकारी माणूस त्या भागात वर्षानुवर्षं फिरकलेला नसतो.

इथेच उपाय चुकतो. दहशतवाद्यांचा पैसा तोडायचा म्हणून लष्कराने मासळीच्या व्यापारावर बंदी घालून पाहिली. आधी उपाशी पडला तो कोळी. २०१९पासून नायजेरियाच्या सैन्याने छोट्या चौक्या मोडून मोठ्या, भक्कम छावण्या केल्या. जवानांचे जीव वाचवायला ते शहाणपणाचं असेलही, पण मधली खेडी मोकळी पडली. शेकाऊच्या टोळ्यांपासून गावाला राखण हवी. इस्वापच्या मुलखात राखणीसोबत चालू बाजार आणि निवाडा देणारा कुणीतरी हवा, आणि तो टिकून राहायला हवा.

मे २०२१मध्ये इस्वापने सांबिसा जंगलात शेकाऊला घेरलं आणि त्याने स्वतःला स्फोटात उडवून घेतलं. पुढच्या महिन्यांत हजारो माणसं, लढवय्यांसोबत त्यांची बायकामुलंही, सैन्याला शरण आली. राजधानी अबूजात अनेकांना वाटलं, अर्धं काम झालं. पण शेकाऊचे उरलेले लोक बकुरा नावाच्या म्होरक्याच्या मागे सरोवराच्या बेटांवर एकवटले आणि आता तिथल्या पाण्याच्या ताब्यावरून दोन्ही गट एकमेकांशी लढतात. त्यातच सीमेवरच्या देशांच्या संयुक्त फौजेतून नायजरने मार्च २०२५मध्ये अंग काढून घेतलं.