एफफ्लश केलं, म्हणजे डिस्कवर गेलं का?

एफफ्लश आणि एफसिंक नावाला जवळची, पण दोघांची हद्द वेगळी. एफफ्लश हे सी भाषेच्या मानक लायब्ररीतलं. एफप्रिंटएफने लिहिलेला मजकूर आधी प्रोग्रॅमच्याच मेमरीतल्या बफरमध्ये साठतो. ग्लिबसीत (लिनक्सवरची नेहमीची सी लायब्ररी) साध्या फाइलसाठी तो बहुधा ४०९६ बाइटचा. एफफ्लश तो रिकामा करून मजकूर कर्नलच्या, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याच्या, हवाली करतं आणि मोकळं होतं. एफसिंक पॉझिक्सचं, म्हणजे युनिक्स धाटणीच्या सिस्टिमसाठीच्या मानकातलं. कर्नलकडे जमलेलं ते डिस्कवर उतरवतं आणि उतरेपर्यंत थांबतं. (मॅकवर तेवढ्यानेही भागत नाही. डिस्कची स्वतःची कॅशे रिकामी करायला एफसीएनटीएलला एफ_फुलएफसिंक द्यावं लागतं.)

एफफ्लशनंतर प्रोग्रॅम कोसळला तरी मजकूर शाबूत राहतो. वीज गेली तर मात्र भरवसा नाही. लिनक्सच्या मूळ सेटिंगमध्ये बदललेली पानं (कर्नलने मेमरीत धरलेले फाइलचे तुकडे) ३० सेकंद मेमरीतच राहू शकतात.

उलटी चूक जास्त फसवी. एफसिंकला फाइल पॉइंटर चालत नाही, डिस्क्रिप्टर, म्हणजे उघड्या फाइलचा कर्नलकडचा क्रमांक, लागतो. म्हणून फाइलनो वापरून तो काढला जातो आणि एफफ्लश राहून जातं. फाइल दोन-तीनशे बाइटचीच असेल, तर ती सगळी अजून बफरातच. कर्नलकडे काही पोचलंच नाही, तर एफसिंक उतरवणार काय? तरी ते शून्य परत करतं, म्हणजे सगळं ठीक! एफक्लोज आतून एफफ्लश करतं, एफसिंक करत नाही, हेही ध्यानात असू द्या.

फाइल पुन्हा लिहायची तर जुनीला 'डब्ल्यू' मोडमध्ये हात लावू नका. उघडताक्षणी ती शून्य बाइटची होते. त्याच डिरेक्टरीत एमकेएसटेम्पने तात्पुरती फाइल करा, एफडीओपनने पॉइंटर घ्या, लिहा; मग एफफ्लश, एफसिंक, एफक्लोज आणि शेवटी रिनेम. तात्पुरत्या फाइलची परवानगी ०६०० असते, जुनीची ०६४४ असेल तर एफक्लोजआधीच एफसीएचमॉड करा. डिरेक्टरी तीच हवी, कारण वेगळ्या फाइलसिस्टिमवर रिनेम ईएक्सडेव्ह ही त्रुटी देऊन नकार देतं. रिनेमनंतर डिरेक्टरीवरही एफसिंक करायचं. नाव बदलल्याची नोंद तिच्यात असते.

मधलं एफसिंक गाळल्याचा परिणाम २००९ च्या सुमारास एक्स्ट४ ही लिनक्सची फाइलसिस्टिम वापरणाऱ्यांनी पाहिला: मशीन अचानक बंद पडलं की फायली शून्य बाइटच्या. एक्स्ट४ मध्ये नंतर अशा रिनेमसाठी तोड निघाली, पण ती प्रत्येक फाइलसिस्टिमवर मिळेल असं धरून चालू नये.

बिघाडात एफफ्लश ईओएफ देतं, एफसिंक उणे १. डिस्क भरल्याचं बहुधा एफफ्लशलाच कळतं. एफसिंकने ईआयओ (वाचण्या-लिहिण्यातली त्रुटी) दिलं तर तेच पुन्हा करून बघण्यात अर्थ नाही: लिनक्सवर न उतरलेलं पान 'स्वच्छ' ठरलेलं असू शकतं आणि दुसरी खेप खोटंच यश दाखवते. पोस्टग्रेस हा डेटाबेस बनवणाऱ्यांना हे २०१८ मध्ये उमगलं. आता तो डेटाबेस अशा वेळी स्वतःहून बंद पडतो आणि लॉगवरून पुन्हा उभा राहतो. छोट्या फाइलला एवढा खटाटोप नको. तात्पुरती फाइल अनलिंक करा (काढून टाका) आणि पहिल्यापासून लिहा. रिनेम झालेलं नसल्याने जुनी जागेवरच असते.