साक्षर कोणाला म्हणायचे? प्रौढ साक्षरता संशोधनाची पार्श्वभूमी

रोजच्या जगण्याविषयीचे एखादे छोटे, साधे विधान समजून वाचता-लिहिता आले की माणूस साक्षर. युनेस्कोची १९५८ सालची ही व्याख्या शिरगणतीला सोयीची होती. पण धडपडत एक वाक्य वाचणाऱ्याला औषधावरची सूचना किंवा कर्जाचा कागद उमगतो का, हे तिच्यातून कळत नसे.

१९६५ च्या तेहरान इथल्या शिक्षणमंत्र्यांच्या परिषदेनंतर 'कार्यात्मक साक्षरता' पुढे आली, म्हणजे कामधंद्याशी जोडलेले लिहिणे-वाचणे. अकरा देशांत युनेस्कोचा प्रायोगिक साक्षरता कार्यक्रम झाला. १९७६ च्या मूल्यमापनात मात्र स्पष्ट कबुली होती: प्रश्न अंशतःच तांत्रिक होता, उत्तरे बहुतेक तांत्रिक दिली गेली. ब्राझीलमध्ये शिक्षणतज्ज्ञ पाउलो फ्रेरी यांनी १९६३ मध्येच मजुरांच्या जगण्यातले शब्द घेऊन, त्यांवर चर्चा करत अक्षरओळख करून दिली होती. पुढच्याच वर्षी लष्करी उठावानंतर ते काम थांबले.

या इतिहासातला सर्वांत मोलाचा टप्पा मला पश्चिम आफ्रिकेतल्या लायबेरियातला वाटतो. तिथल्या व्हाई लोकांची स्वतःची लिपी आहे आणि ती शाळेत नव्हे, नातलगांकडून किंवा मित्रांकडून शिकली जाते. काहीजण कुराणासाठी अरबी शिकतात, काही शाळेत इंग्रजी. साक्षरता आणि शाळा ही जोडी इथे सुटी करून पाहता येत होती. सिल्व्हिया स्क्रिब्नर आणि मायकेल कोल या मानसशास्त्रज्ञांनी १९७० च्या दशकात नेमके तेच केले. अक्षरे आली की विचारशक्तीच पालटते, असे तेव्हा अनेक विद्वान मानत. १९८१ मध्ये प्रसिद्ध झालेले निष्कर्ष वेगळे निघाले. केवळ व्हाई लिपी जाणणारे लोक तर्काच्या चाचण्यांत निरक्षरांच्या सरसकट पुढे नव्हते. फरक दिसला तो लिपीच्या वापराशी जुळणाऱ्या कामांत. उदाहरणार्थ, पत्रे लिहिण्याची सवय असलेल्यांना अनोळखी खेळाचे नियम दुसऱ्याला जास्त नीट समजावता येत. प्रौढ निरक्षराला लहान मुलासारखे वागवणाऱ्या साक्षरता-वर्गांचा आधारच यामुळे ढासळायला हवा होता.

१९९४ पासूनच्या आंतरराष्ट्रीय प्रौढ साक्षरता पाहणीने साक्षर-निरक्षर ही रेषा सोडून पाच पातळ्या मांडल्या. गद्य, कागदपत्रे आणि आकडेमोड वेगवेगळी तपासली. शाळा सर्वांपर्यंत पोचलेल्या श्रीमंत देशांतही कितीतरी प्रौढ तळच्या पातळ्यांवर आढळले.

त्या पाहणीचा वारसा पुढे चालवणाऱ्या ओईसीडी या मुख्यतः श्रीमंत देशांच्या संघटनेच्या प्रौढ कौशल्य सर्वेक्षणात तळच्या वाचकांसाठी निराळी चाचणी असते. तिच्या एका भागात एक छोटे वाक्य वाचायचे आणि ते अर्थाला धरून आहे की नाही, एवढेच सांगायचे. उत्तराला किती वेळ लागला, तेही नोंदले जाते.